देठाकडचा चीक

डॉक्टरांनी आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "शिमग्याला गावी आला होतात? काजू सोलले होते?"

मी गेले होते आंब्याने तोंड सुजलं म्हणून. ओढणी तोंडावर धरून दीड तास बाकावर बसले होते, शेजारी खरजेचं एक पोर आणि त्याची वैतागलेली आजी. ओठांच्या कडेने बारीक पाणीदार फोड, कोपऱ्यात चिरा, आणि हनुवटीवर एक लाल रेघ, थेट गळ्यापर्यंत उतरलेली. रविवारी दुपारी रसाचा ओघळ जिथून गेला होता, बरोबर तिथूनच. रविवारी खाल्ला, सोमवारी काही नाही, मंगळवारी संध्याकाळी ओठ झणझणायला लागले. मागच्या दारचा रायवळ, शेंदरी सालीचा, चोखून खायचा. लहानपणी त्याच झाडाचे एका बैठकीत सात-आठ खाल्लेत. फक्त तेव्हा एक रीत होती: आंबा मऊ करायचा, देठ उडवायचा, पहिले चार थेंब जमिनीवर पिळून टाकायचे आणि मगच तोंडाला लावायचा. या वेळी घाई झाली. किंवा पुण्यात इतकी वर्षं राहून हातातली सवय गेली. आई स्वयंपाकघरातून ओरडलीच, "पयलो चीक पिळून टाकूक व्हयो, ता पन इसारलंस?"

पण डॉक्टर चिकाबद्दल काही विचारतच नव्हते. ते शिमग्याबद्दल विचारत होते. दोन महिन्यांपूर्वीच्या काजूंबद्दल. आणि हो, सोलले होते.

वेंगुर्ल्याकडचं माहेर म्हणजे मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ होणार, तिला पर्याय नाही. शेजारच्या काकींनी टोपलीभर हिरव्या बिया आणून पडवीत ओतल्या. आडाळ्यावर बी उभी चिरायची, दोन भाग करायचे आणि काडीने आतला पांढरा गर अलगद उचलायचा. गर अख्खा निघाला तर हाताला कौतुक, तुटला तर बाजूच्या वाटीत. चिरताना बीच्या सालीतून तेल उडतं. आई आणि काकींनी आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळून घेतलं, बाजूला चुलीतल्या राखेचं ताट ठेवलं. मी पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हातमोज्यांशिवाय कशाला बोट लावत नाही. आणि तिथे, आईच्या पडवीत, कोरड्या हातांनी शंभरेक बिया चिरल्या. माहेरी हातमोजे घालून बसायचं म्हणजे जरा शिष्टपणाच वाटला असता. दोन दिवसांत बोटांची टोकं काळी पडली, आठवड्यात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली. पुण्यात परतल्यावर सगळ्यांना हौसेने दाखवली, बघा, काजूचे हात. उसळ अप्रतिम झाली होती.

ती भाजणी कोणाचीही होते, काजूचं तेल जहालच. पण त्या आठवड्यात कातडीच्या आत आणखी एक गोष्ट झाली असणार, आणि तिचा आवाज मला आला नाही. काजूच्या सालीत अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतात. आंब्याच्या देठाकडच्या चिकात रिसॉर्सिनॉल जातीची रसायनं असतात. बिब्ब्यात भिलावनॉल. नावं वेगळी, बांधा एकच: एक कडं आणि त्याला १५ किंवा १७ कार्बनची लांब शेपटी. आंबा, काजू, बिब्बा ही तिन्ही झाडं एका कुळातली. आजी वनस्पतिशास्त्र शिकलेली नव्हती, पण बिबा उतलेल्या माणसाने काजूच्या कामाला बसू नये, असं ती म्हणायची. पायात काटा मोडला की बिबा तापवून चटका द्यायची पद्धत होती आमच्याकडे. आणि तो एखाद्याला उतला की सगळा पाय फोडांनी भरायचा, मूळचा काटा राहायचा बाजूला. धोबी याच बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे. कापडावर राहते तशी ती खूण अंगातही राहते, एवढंच.

ही रसायनं फार छोटी असतात, एकटी आली तर टी पेशींना, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशींना, दिसतसुद्धा नाहीत. ती कातडीतल्या आपल्याच प्रथिनांना चिकटतात, आणि मग ते प्रथिन परकं दिसायला लागतं. घरातल्याच माणसाने चोराचा सदरा घालावा, तसं. पहिल्या भेटीत वर काही दिसत नाही. आत मात्र दहा-पंधरा दिवसांत त्या सदऱ्याची ओळख असलेल्या टी पेशींची फौज उभी राहते. पुढच्या वेळी त्या यायला एक-दोन दिवस घेतात, म्हणून रविवारचा आंबा मंगळवारी फुटतो. कोळंबीचं वावडं असलेल्याचा घसा जेवण संपायच्या आत सुजतो, तो खेळ वेगळा, तिथे अँटिबॉडी असतात. हा टी पेशींचा कारभार, सरकारी कागदासारखा, उशिरा येतो पण येतो. अमेरिकेत पॉइझन आयव्ही नावाची वेल आहे, तिच्यातही याच बांध्याचं रसायन. इस्रायलमध्ये आंबे तोडायच्या कामाला गेलेल्या अमेरिकन लोकांच्या अंगावर फोड आले, बरोबर काम करणाऱ्या स्थानिकांना काही झालं नाही, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात आहे. त्यांना आंबा नवा होता, पण त्यांच्या कातडीला तो ओळखीचा वाटला. वेलीची ओळख आंब्यावर चालली.

माझ्या कातडीने शिमग्याची ओळख मे महिन्यात वापरली.

हे सगळं मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती खरं तर. धंद्याचाच भाग आहे. तरी घरी येताना रिक्षात तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण असल्या चुकीच्या ओळखीशी आमच्या घराचा जुना संबंध आहे.

आई अकरा वर्षांची असताना तिचा घसा दुखला. गुळण्या, हळदीचं दूध, चार दिवसांत बरी. दोन-तीन आठवड्यांनी एक गुडघा टोपलीएवढा सुजला (टोपली हा तिचाच शब्द, मी थोडा कमी धरते). ताप. मग तो गुडघा आपोआप उतरला आणि घोटा धरला, घोटा सोडून मनगट. अंगात वारा फिरतो म्हणाले. रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. महिनाभराने सगळे सांधे जसेच्या तसे झाले, एकही वाकडा राहिला नाही, आणि गाऱ्हाणं फळाला आलं असं सगळ्यांनी मानलं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात की हा संधिवाताचा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. चावल्याचं अकरा वर्षांनी कळलं. माझ्या वेळी सातव्या महिन्यात विहिरीकडची पाणंद चढताना तिला धाप लागायला लागली. रात्री उशा रचून बसून झोपायची. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. डाव्या बाजूची झडप आक्रसली होती. ती एकटी असती तर त्या झडपेने आणखी काही वर्षं निभावून नेलं असतं. दोघींचं रक्त पेलताना ती उघडी पडली. हे मला कोणी बोलून दाखवलेलं नाही. हिशोब माझा मीच केला.

पुढे मुंबईत बलून घालून झडप रुंद केली. पण त्याआधी आणि नंतर कितीतरी वर्षं, दर २१ दिवसांनी, पेनिसिलिन. घसा पुन्हा धरू नये आणि हृदयावर दुसरा घाव पडू नये म्हणून. १२ लाख युनिटचं ते इंजेक्शन, कुपीत पांढरी भुकटी, पाणी घालून हलवलं की कालवलेल्या चुन्यासारखं दाट. सावकाश टोचलं तर सुईत अडकतं, जोरात टोचलं तर आई दोन दिवस लंगडते. कॅलेंडरवर लाल गोल. गणपती, म्हाळ, माझी दहावी, लग्नाची बोलणी, सगळं त्या गोलांच्या आगेमागे. बाबा तिला लखपती म्हणायचे. ती हसायची आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ओटीवरून उठायची, तो आवाज अजून कानात आहे.

मी लॅबच्या कामात शिरले, तिथे माझ्या वाट्याला बराच काळ एएसओची चाचणी आली. ज्या जंतूने घसा धरल्यावर हा ताप येतो, त्या स्ट्रेप्टोकोकसशी शरीराची अलीकडे मारामारी झाली का, हे बघायची. काळ्या पाटीवर रुग्णाच्या रक्तद्रवाचा एक थेंब, त्यावर लॅटेक्सचा दुधी थेंब, काडीने पसरायचा आणि पाटी हातात धरून दोन मिनिटं गोल गोल फिरवायची. काही नसेल तर दूध दूधच राहतं. असेल तर बघता बघता ते फाटतं, रव्यासारखे कण कडेला जमतात. पहिल्यांदा फाटलेलं पाहिलं ते एका बारा वर्षांच्या मुलीचं होतं. फॉर्मवर गुडघेदुखी लिहिलं होतं. मी अहवाल टाइप केला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

त्या जंतूच्या अंगावर एम नावाचं प्रथिन असतं, दोन दोऱ्या एकमेकींना पीळ घालून वळाव्यात तशा घडणीचं. आपल्या हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन, झडपांमधली काही प्रथिनं, यांचीही घडण तशीच पिळाची. १९९५ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये लुइझा गिल्येर्मे, जॉर्जे कालिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं केलं: संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत हृदयाचे जे तुकडे काढले जातात, त्यांत घुसून बसलेल्या टी पेशी वेगळ्या काढून वाढवल्या. एकेका पेशीचं कूळ वेगळं. मग त्यांना एम प्रथिनाचे तुकडे दाखवले, आणि हृदयातली प्रथिनंही. काही कुळं दोन्हींना चेतली. तीच पेशी, तोच रिसेप्टर (पेशीचा ओळख पटवणारा हात), एकदा जंतू आणि एकदा हृदय. अँटिबॉडींचाही या रोगात हात आहे, हे खरं. पण मला त्या पेशींचंच जास्त लागलं, कारण त्या वाट चुकून तिथे आलेल्या नव्हत्या, हृदयात बसून नेमाने काम करत होत्या. घसा धरलेल्या शंभर मुलांत फार तर दोन-तीन जणांना हा ताप येतो. ती दोन-तीन कोण, यात घराण्याने आलेल्या जनुकांचा वाटा असतो. म्हणजे आईकडून मलाही काही आलंच असेल, नाकासारखं.

नाकावरून आठवलं. त्या सुजल्या तोंडाने परत येताना बाजारात उतरले. जूनपासून होड्या बंद होणार, त्यामुळे मेच्या शेवटी मासे आणायला सगळे टपलेले असतात. एका म्हातारीपुढे बांगडे होते, निळे-हिरवे, डोळे अजून स्वच्छ. मी वाकले, तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर फडकं ओढलं. "तुका नाय देवचंय. माजे धा रुपये आजून येवचे आसत." मला काही कळेना. ओढणी खाली केली, तर ती आणखी चिडली. "नाकावरसून वळाखलंय!" पाच मिनिटं हुज्जत घातल्यावर उलगडा झाला. मी तिला माझी आत्या वाटले होते. आत्याने कधीकाळी दहा रुपये बुडवले असावेत, आत्या जाऊनही आता नऊ वर्षं झाली. तसं सांगितलं तेव्हा म्हातारी ओशाळली. "मगे कोणाचा गो चेडू तू?" असं म्हणून तिने सगळं कूळ विचारून घेतलं, मोजून वर दोन बांगडे घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर मला लांबून बघताच हात आपोआप फडक्याकडे गेला. मग थांबला. मग ती हसली. पण आधी हात गेला तो गेलाच.

आमच्याकडे ओळख अशीच चालते. एसटीतून उतरलं की कोणीतरी कपाळ, चाल, नाहीतर खांदे बघून 'अमक्यातली तू' म्हणतंच. अख्खा चेहरा कोणी वाचत नाही, दोन खुणा पुरतात. टी पेशीही तेच करते. शरीरातली पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे करून दारावर ताटलीत मांडते, टी पेशी येऊन ती ताटली चाचपते. तुकडा असेल नऊ-दहा अक्षरांचा (अक्षर म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एकेक मणी, अमिनो आम्ल), ती बोटं लावणार मधल्या तीन-चार अक्षरांना. टाइप १ मधुमेहाच्या एका रुग्णाच्या रक्तातून काढलेली १ई६ नावाची टी पेशी आहे. ती इन्सुलिनच्या कच्च्या रूपातला दहा अक्षरी तुकडा ओळखते, आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारू शकते. तिची पकड मुख्यतः मधल्या तीन अक्षरांवर: ग्लायसिन, प्रोलिन, अॅस्पार्टिक आम्ल. बाकीची सात बदलली तरी पुष्कळदा तिला चालतं. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये मोजदाद केली, तर ही एकटी पेशी दहा लाखांहून जास्त वेगवेगळ्या तुकड्यांना ओळख देऊ शकते. दहा लाख. मी तो आकडा दोनदा वाचला होता, शून्य चुकलं असेल म्हणून.

त्यावर माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. इतकं ढिसाळ? आईच्या गुडघ्यांवर टेकलेल्या हातांचं कारण हे? पण पुढचा हिशेब वाचला आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. प्रथिनांची वर्णमाला २० अक्षरांची. नुसते दहा अक्षरी शब्द घेतले तरी १० लाख कोटींच्या वर जातात. आपल्या अंगातले वेगवेगळे टी रिसेप्टर त्यापुढे मूठभर, १० कोटींच्या आत धरतात. उद्या कुठला जंतू कुठला शब्द घेऊन येईल, कोणाला ठाऊक. प्रत्येक शब्दाला स्वतंत्र पहारेकरी ठेवायचा तर एकट्या टी पेशींचंच वजन ५०० किलोंवर जाईल, असं त्याच कार्डिफच्या अँड्र्यू स्यूएल यांनी दाखवून दिलं. त्याआधी १९९८ मध्ये प्रतिकारशक्तीचे अभ्यासक डॉन मेसन यांनी हाच तर्क मांडला होता: एकेकीने लाखोंना ओळखलंच पाहिजे, नाहीतर आपण पहिल्याच पावसाळ्यात मरू. पावसाळा माझा, तर्क त्यांचा.

आणि गाळणी असतेच. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी. टी पेशी तिथे शिकतात. घरच्या माणसांवर जोरात धावून जाईल ती मारून टाकायची, हे मला माहीत होतं. जिला घरचं कोणी जरासुद्धा ओळखू येत नाही तीही मरते, हे मात्र शिकताना माझ्या डोक्यावरून गेलं होतं. आत गेलेल्या शंभरातल्या पाचही बाहेर येत नाहीत. ज्या येतात त्या प्रत्येकीला आपल्या शरीराची पुसटशी ओळख असते. तेवढ्या ओळखीवरच ती जगते. बाहेरचं कोणी ओळखायला शिकते तेही त्याच जोरावर. म्हणजे आईच्या हृदयावर जे चालून गेलं, ते तिला आधीपासून थोडंसं ओळखतच होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण वाईट वाटतं असंही धडपणे म्हणता येत नाही. त्याच पेशींनी तिला गोवर, कांजिण्या, देवाला ठाऊक कशाकशातून काढलं असेल, आणि त्याचं लाल गोलाचं कॅलेंडर कोणी ठेवलं नाही.

डॉक्टरांनी मलम दिलं, आठवड्याच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की चीक आणि साल यांना हात लावायचा नाही, गर खाऊन बघा, बहुतेक चालेल. बहुतेक. मी आंबा सोडायचं ठरवलं होतं. नाटकीपणे नव्हे, निवांतपणी ठरवलं होतं. आईला ते पटलं नाही. ओठ उतरल्यावर, शनिवारी दुपारी, तिने अढीतला एक हापूस काढला, नळाखाली धुतला, देठाकडचा चांगला दोन बोटं भाग उडवून टाकला. सुरी धुतली. साल जाड काढली, इतकी जाड की एरवी माझ्या हातून झाली असती तर बोलणी बसली असती. सुरी पुन्हा धुतली. फोडी स्टीलच्या वाटीत घातल्या, वर चमचा ठेवला आणि वाटी माझ्यासमोर सरकवली. सत्तरीला टेकलेली बाई. मी सत्तेचाळिसाची, चमच्याने आंबा खाते, आजारी पोरासारखी. चव तीच होती. फक्त चिकाचा तो उग्र, रॉकेलसारखा पहिला वास नव्हता, आणि तो नसताना आंबा थोडा अनोळखी लागला. "दोन दिस थांब," आई म्हणाली, "मगे बोल."

रविवार गेला. मी दर तासाला जिभेने ओठ चाचपत होते. सोमवारी सकाळी आईने मला दारातल्या उजेडात उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. विहिरीकडून कळशी घेऊन आली होती, अजून जराशी धापत होती. तिच्या अंगठ्याला राखेचा वास होता.

"काय नाय," ती म्हणाली, आणि कळशी उचलून आत गेली.